मागच्या गेटचे गव्हर्नर

"मला साताऱ्याचं तिकीट काढ," असं म्हणून नंदाबाईंनी कोथिंबिरीची जुडी ओट्यावर आपटली.

शनिवारची सकाळ होती. पद्माकर बाल्कनीत कॉफी घेऊन बसला होता. सिंगापुरात रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत तो मोठ्या हुद्द्यावर होता. तिथं तो आला की माणसं खुर्चीतून उठत. घरी कॉफीचा कप विसळायलासुद्धा त्याला स्वतःच उठावं लागे. साताऱ्याला विमान जात नाही, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं, आणि आईचा चेहरा बघून मिटलं.

"काय झालं, आई?"

"मागचं गेट बंद केलं मेल्यांनी! हे एवढं कुलूप घातलंय. आता मंडईत जायचं तर पुढच्या गेटानं उतरा, सबंध टेकडीला वळसा घाला, आणि पिशव्या घेऊन परत चढा. रोज रोज चढायला हा काय अजिंक्यतारा आहे?"

गोष्ट खरी होती. बुओना व्हिस्टाच्या ज्या टेकडीवर हा कॉन्डो, म्हणजे तीन इमारतींची सोसायटी, उभा होता, तिच्या पुढच्या अंगाला मोठं गेट होतं, गाड्यांसाठी. मागच्या अंगाला एक छोटं लोखंडी गेट. त्याच्या पायऱ्या उतरलं की बसस्टॉप, मंडई आणि स्वस्तात खायचं हॉकर सेंटर. गाडीवाल्यांना ते गेट आहे हेही ठाऊक नव्हतं. पायी जाणाऱ्यांना, म्हणजे घरकाम करणाऱ्या बायका, सफाईवाले, भाडेकरू पोरं आणि म्हाताऱ्याकोताऱ्या यांना, तेच एक गेट ठाऊक होतं. कॉन्डोच्या कमिटीनं 'सुरक्षेसाठी' असं लिहून नेमकं तेच बंद केलं. घरात चोर येऊ नये म्हणून चुलीचं धुराडं बुजवायचं आणि दार उघडं ठेवायचं, त्यातला प्रकार.

"पिंजऱ्यातच बसायचं तर माझा साताऱ्याचा पिंजरा बरा," नंदाबाई म्हणाल्या. "तिथं शेजारीण निदान मराठीत भांडते."

'तिकीट' हा शब्द ऐकून सुरेखा आतून धावत आली. तिची नोकरी, आर्याची शाळा आणि संध्याकाळचा गरम वरणभात, तिन्ही गोष्टी सासूबाईंच्या जिवावर चालल्या होत्या. सासू गेली तर हे घर आठवड्यात पाव-लोण्यावर येणार, हे तिला बँकेतल्या कोणाहीपेक्षा चांगलं कळत होतं. तिनं नवऱ्याकडं असं पाहिलं की तो उठूनच उभा राहिला.

"मी उभा राहतो!"

"राहिलातच की. आता कप विसळा."

"तसं नव्हे. निवडणुकीला! दोन आठवड्यांनी कॉन्डोची वार्षिक सभा आहे. कमिटीनं बंद केलेलं गेट कमिटीच उघडेल. तिथं सामान्य माणसाच्या बाजूनं बोलणारं कोणी नाही, सुरेखा."

"आणि तुम्ही सामान्य कधीपासून झालात?"

"अमेरिकेत बघ. साधी साधी माणसं गव्हर्नरच्या निवडणुकीला उभी राहतात, लोकांसाठी. अख्खं राज्य हलवतात!"

"हे राज्य नाही, तीन इमारती आणि एक स्विमिंग पूल आहे. आणि त्या पुलात तुम्हाला पोहता येत नाही."

चौदा वर्षांची आर्या मोबाइलवरून मान न उचलता सिंगापुरी वळणाच्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा गव्हर्नर, आह? देन आजी क्वीन मदर, लाह."

झालं. त्या दिवसापासून घरात पद्माकरला गव्हर्नर हेच नाव पडलं. आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तसं त्यानं दुपारीच भाषण लिहायला घेतलं.

"भाषणानं कुलूप निघतं होय रे?" नंदाबाईंनी जाता जाता विचारलं. त्याचं उत्तर भाषणात नव्हतं.

प्रचाराला माणूस हवा होता. तो बी ब्लॉकमध्ये तयारच होता. विश्वास मूळचा पुण्याचा, जवळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर करायचा, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेला. बसल्या जागी निवडणूक जिंकून देण्यात पुणेकराचा हात कोणी धरू नये.

"पद्माकरराव, लाट आहे लाट!" विश्वास म्हणाला. "लिफ्टपाशी बायका काय बोलतायत ऐका. सिक्युरिटीवाले काय बोलतायत ऐका. फक्त एक सभा घ्या. आणि खायला ठेवा काहीतरी. उपाशी माणूस टाळी वाजवत नाही."

रविवारी स्विमिंग पुलाशेजारच्या बार्बेक्यूच्या शेडमध्ये सभा भरली. साबुदाण्याचे वडे सुरेखानं तळले. प्रचार नवऱ्याचा आणि चटके बायकोला, हे जगात सगळीकडं सारखंच. पण गर्दी लोटली हे मात्र कबूल करायला हवं. सुटीवरच्या घरकामाच्या बायका आल्या, सफाईवाले आले, एका फ्लॅटमध्ये दाटीवाटीनं राहणारी पोरं आली, पलीकडच्या क्लेमेंटी भागातून त्यांचे मित्र आले. सिक्युरिटीचा सेल्व्हम दारातच उभा राहिला. ड्यूटीवर होता म्हणून तो सभेला आला नव्हता, फक्त वड्यांना आला होता.

पद्माकर कट्ट्यावर चढला. "हे गेट कोणाचं?"

"आमचं!"

"त्यातून जाणार कोण?"

"आम्ही!"

"मग या वेळी मत कोणाला?"

एवढे हात वर गेले की पद्माकरला भरून आलं. विश्वासनं त्याच्या कानात सांगितलं, "विरोधकांचं डिपॉझिट जप्त."

तेवढ्यात कॉन्डोच्या ऑफिसातली मिस यिओ आली. बारीक चणीची, करड्या आवाजाची बाई. शेड बुक केली होती का, असं तिनं विचारलं. केली नव्हती. सुरेखानं चपळाईनं तिच्या हातात वडा दिला. तो खात खात तिनं गर्दीवरून नजर फिरवली आणि अगदी सहज विचारलं, "सर, यांच्यात ओनर कोण कोण?"

एकही हात वर गेला नाही.

"व्होट फक्त ओनरला असतं, सर. वन युनिट, वन व्होट. भाडेकरूला नाही, हेल्परला नाही, गार्डला नाही."

पद्माकरनं विश्वासकडं पाहिलं. "तू?"

"मी भाड्यानं राहतो, तुम्हाला माहितीये."

"मग तुझं मत?"

"मला वाटलं, मतदान म्हणजे मतदान."

एवढ्या गर्दीत मत होतं ते एकट्या पद्माकरला. सगळे वडे बिनमताच्या पोटात गेले होते.

पण पद्माकर मागे हटणारा नव्हता. तेवढा गुण त्यानं आईचा घेतला होता. पुढचा आठवडाभर तो ऑफिसातून आला की मालकांची दारं वाजवायला निघे. अंगात पांढरा शर्ट, गळ्यात टाय, काखेत काळी फाइल, ओठांवर हसू. सिंगापुरात असा माणूस दारात दिसला की तो एकतर विमा विकतो, नाहीतर फ्लॅट.

"गुड इव्हिनिंग, आय ॲम पद्माकर फ्रॉम सी ब्लॉक..."

"नॉट सेलिंग!" आणि दार बंद.

एका दारी मात्र एक चिनी आजोबा खूश झाले. हात धरून आत घेऊन गेले. दोन्ही बाथरूम दाखवली, नळ सोडून पाण्याचा जोर दाखवला, खिडकीतून दिसणारं झाड दाखवलं. आपण एजंट नाही हे पद्माकरनं सांगून पाहिलं. पण आपल्याकडं कोणी घर दाखवलं की छान आहे म्हणायचं असतं, म्हणून तो प्रत्येक खोलीत "व्हेरी नाइस" म्हणत गेला, आणि चहा पुढं आल्यावर बसला. आपल्या रीतीप्रमाणं चांगला ऐसपैस बसला. आजोबांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या ब्लॉकला सांगितलं की इंडियन एजंटला घर पसंत आहे, गिऱ्हाईक येतंय. मग आणखी दोन मालक त्याला शोधत आले. आणि मग लिफ्टमध्ये नोटीस लागली: अनधिकृत प्रॉपर्टी एजंटपासून सावध राहा. इंडियन, मध्यम उंची, चष्मा, टाय. खूप वेळ बसतो.

"फोटो लावला नाही हे उपकार," सुरेखा म्हणाली.

त्याच लिफ्टमध्ये कमिटीचे अध्यक्ष मिस्टर क्वेक भेटले. लोखंडाचा मोठा व्यापार, त्यामुळं चेहराही त्याच मालाचा. गेट बंद करायची कल्पना यांचीच. नोटिशीवर बोट ठेवून ते म्हणाले, "हा माणूस दिसला तर गार्डला सांगा, हां."

"येस, येस," गव्हर्नर म्हणाले, आणि आपल्या मजल्याच्या आधीच उतरले.

शेवटी एकच आधार राहिला, ए ब्लॉकमधला प्रबोध. तो अकाउंटंट, स्वतःच्या मालकीच्या फ्लॅटचा धनी, आणि मुख्य म्हणजे त्यानं पद्माकरला दार उघडलं. पद्माकर त्याला म्हणाला, "तू सभेत फक्त माझं नाव सुचव. एकदा बोलायची संधी मिळाली की माझं भाषण बघ. दगडाला पाझर फुटेल."

इकडं नंदाबाईंनी बॅग माळ्यावरून काढून पलंगावर ठेवली होती. दोन लुगडी आत गेली होती, एवढंच. सुरेखा रोज ऑफिसातून आली की आधी बॅग उचलून तिचं वजन बघायची.

सभेच्या दिवशी नंदाबाई इरकली नेसून निघाल्या. मुलगा जिंकला तर डोळ्यांनी बघावं, हरला तर त्याचा हात धरून घरी आणावा, एवढाच विचार. पण त्या एकट्या आल्या नाहीत. त्यांच्या मागोमाग पाच-सहा चिनी म्हाताऱ्या आल्या आणि त्यांच्याच रांगेत बसल्या. गेटला कुलूप लागल्यापासून या साऱ्या जणी मिळून टेकडीचा वळसा घालत, अर्ध्या वाटेवर बाकावर टेकत आणि आपापल्या भाषेत कमिटीचा उद्धार करत. गुडघ्यांना आणि शिव्यांना दुभाष्या लागत नाही.

विश्वास ना मालक, ना मालकाच्या घरचा, त्यामुळं त्याला आत प्रवेश नव्हता. तो काचेबाहेर उभा राहिला, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. त्याच्यामागं रविवारची सगळी मंडळी.

जुन्या कमिटीचे एकेक सभासद पुन्हा निवडून आले; नाव घेतलं की हात वर, पुढं चला. शेवटची एक जागा उरली तेव्हा प्रबोध उठला. "आय नॉमिनेट मिस्टर पद्माकर."

क्वेक म्हणाले, "मिस्टर पद्माकर, यू ॲक्सेप्ट?"

पद्माकर उठला. कोटाचं बटण लावलं. काचेबाहेर विश्वासनं पेढ्यांचा पुडा सोडला. आणि मग, पाळण्यापासून अंगात मुरलेल्या वळणानं, छातीवर हात ठेवून, मान तिरकी करून तो म्हणाला, "नो, नो. मी कशाला? माझ्यापेक्षा मोठी, अनुभवी माणसं इथं आहेत. त्यांच्यापैकी कोणाला तरी द्या." आणि खाली बसला.

आता तुम्हीच सांगा, यात काय चुकलं? मानाचा नारळ असो की पुरणाची पोळी, पहिल्या हाकेला 'हो' म्हणतो तो अधाशी. आपण नको म्हणायचं, समोरच्यानं 'छे छे, तुम्हीच' म्हणायचं, पुन्हा नको म्हणायचं, पुन्हा त्यानं हाताला धरायचं, आणि मग 'तुम्ही एवढं म्हणताच आहात तर' म्हणून उठायचं. पद्माकर डोळे मिटून त्या 'छे छे'ची वाट बघत होता.

"ओके. डिक्लाइन्ड," क्वेक म्हणाले. "नेक्स्ट?"

पद्माकरनं डोळे उघडले. प्रबोधकडं पाहिलं. प्रबोध आग्रह करायला उठतच होता. पण तोही आपलाच माणूस, आधी खाकरला, मग चष्मा सारखा केला. "अं... मिस्टर चेअरमन, मला वाटतं त्यांनी हे पद घ्यावंच..."

"ही से नो, व्हॉट."

"पण ते तसं नको नव्हतं!" पद्माकर ओरडला.

"लिहून झालं," मिस यिओ म्हणाली.

काचेबाहेर विश्वासनं एवढंच पाहिलं की पद्माकर उठला, छातीवर हात ठेवला, झुकून बसला. त्यानं पेढे वाटायला सुरुवात केली. बाहेर टाळ्या पडल्या. आत सुरेखानं कपाळाला हात लावला.

नंदाबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. "काय झालं गं?"

"देत होते, आई. हेच नको म्हणाले."

"देवा! बारशाला आलाय का हा?"

एवढ्यात नंदाबाईंच्या शेजारची, फुलाफुलांच्या ब्लाउजमधली म्हातारी उठून उभी राहिली. तिनं नंदाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या भाषेत काहीतरी ठणकावून सांगितलं. मिस यिओनं क्षणभर क्वेककडं पाहिलं आणि मग सांगितलं, "मॅडम म्हणतात, ही आंटी. हिला घ्या."

"ती ओनर नाही," क्वेक घाईनं म्हणाले.

"ओनरची जवळची नातेवाईक चालते, त्या युनिटच्या ओनरनं नाव दिलं तर. तुम्हीही तुमच्या मदरच्या युनिटवरूनच आहात, मिस्टर क्वेक." मिस यिओनं ब्लाउजवाल्या म्हातारीकडं अदबीनं मान लववली. तेव्हा सभेला कळलं की ही क्वेकसाहेबांची आई, आणि फ्लॅट तिच्या नावावर. क्वेक हळूच म्हणाले, "मा!" म्हातारीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मिस्टर पद्माकर, तुम्ही तुमच्या मदरचं नाव देता?"

पद्माकरची अवस्था अशी झाली की गिळवेना आणि थुंकवेना. तो आईकडं झुकला. "आई, त्या विचारतायत, तू कमिटीत येशील का."

"हो."

"अगं, निदान एकदा तरी नको म्हणायचं असतं!"

"का म्हणू? मला गेट हवंय." आणि उठून उभं राहत त्यांनी सभेला, आर्याकडून शिकलेल्या एकुलत्या एक होकाराच्या शब्दात सांगितलं, "कॅन!"

म्हाताऱ्यांचे हात सगळ्यांत आधी वर गेले. त्या हातांना स्वतःचं मत होतं. सगळ्या जणींच्या नावावर फ्लॅट होते; नवरे गेले, घरं राहिली. मग प्रबोधचा हात, मग बाथरूम दाखवणाऱ्या आजोबांचा. त्यांना वाटलं एजंटची आई, तिला दुखवू नये. शेवटी पद्माकरनं स्वतःचा हात वर केला. सुरेखानं तो कोपराशी धरून आणखी वर केला.

कमिटीची पहिली बैठक मंगळवारी झाली. अध्यक्ष पुन्हा क्वेकच. नंदाबाईंसाठी दुभाष्या चालेल असं ठरलं. फक्त त्यानं स्वतःचं काही बोलायचं नाही. पद्माकर आईच्या मागं स्टुलावर बसला.

नंदाबाई म्हणाल्या, "मागचं गेट उघडा म्हणावं."

पद्माकर उठला. न केलेलं भाषण त्याच्या पोटात दोन आठवडे आंबत होतं. ते सगळं बाहेर आलं. सामान्य माणूस आला, त्याचा घाम आला, लोकशाही आली, अमेरिकेचे गव्हर्नरसुद्धा येऊन गेले. तो बसला तेव्हा खजिनदाराचा डोळा लागला होता.

क्वेक म्हणाले, "शी से ऑल धिस?"

"काय रे पद्या," नंदाबाई मागं वळल्या, "मी एवढंसं बोलले, तू कीर्तन कसलं लावलंस? तो काय म्हणतो ते सांग."

क्वेक म्हणत होते की मागून चोर येतील.

"चोर कशाला मरायला पायऱ्या चढेल? पुढचं गेट सताड उघडं. गाडीत बसून येईल की. गाडीवाल्याला इथं कोण विचारतं?"

हे पद्माकरनं जसंच्या तसं सांगितलं. खजिनदार जागा झाला आणि चक्क मान डोलावू लागला. क्वेक म्हणाले, विषय मोठा आहे, उपसमिती नेमू, पुढच्या वर्षी बघू.

नंदाबाईंनी पदर खोचला. "त्याला सांग, उद्या सकाळी त्याची आई मला बाकावर भेटणार आहे. 'काय झालं' म्हणून विचारेल. काय सांगू तिला?"

हे वाक्य पद्माकरनं अगदी सावकाश, एकेक शब्द वेगळा करून सांगितलं. आपल्या सबंध भाषणात असं एक वाक्य नव्हतं, हे त्यालाही कळलं.

क्वेकनी चष्मा काढला, डोळे चोळले, आणि मिस यिओला विचारलं, "किल्ली कुठाय?"

गेट उघडलं. ते उघडायचं कार्ड घरकामाच्या बायकांना मिळालं, भाडेकरूंनाही मिळालं. शनिवारी सुरेखानं भीत भीत विषय काढला, "आई, ते साताऱ्याचं..."

"कसला सातारा? मंगळवारी मीटिंग आहे. लिफ्टमधल्या घाण वासाचा विषय माझ्याकडं दिलाय."

"आणि संध्याकाळचा वरणभात?"

"गव्हर्नरांना सांग. कुकर लावायला काय मतं लागतात?"

रविवारी सकाळी मागच्या पायऱ्यांवरून दोन माणसं धापा टाकत वर येत होती. एकाच्या दोन्ही हातांत मुळे, पालक आणि नारळ. दुसऱ्याच्या काखेत कोबी आणि हातात ठिबकणारी माशांची पिशवी. बँकेचे साहेब आणि लोखंडाचे व्यापारी एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायला दम नव्हता. त्यांच्या आया बऱ्याच मागं, कठड्याला धरून, रमतगमत, आपापल्या भाषेत कोणाची तरी चांगली हजेरी घेत येत होत्या.

वर सेल्व्हम गेट धरून उभा होता. त्यानं खाडकन सलाम ठोकला. पद्माकरनं मुळ्याची जुडी उंचावून तो घेतला.

"सर, थोडं साइडला," सेल्व्हम हळूच म्हणाला. "कमिटी मेंबर येतायत."

गव्हर्नर आणि अध्यक्ष दोघंही भिंतीला चिकटून उभे राहिले.